बटणापासून दारापर्यंत: एकट्या राहणाऱ्या आजींच्या आपत्कालीन सूचना यंत्राचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातील एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या ७९ वर्षांच्या आजींचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नावे वगळली आहेत आणि घटनाक्रमाला धक्का न लावता काही तपशील बदलले आहेत. आजींचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि लेक हडपसरला, म्हणजे सकाळच्या गर्दीत तासाभराच्या अंतरावर राहते. समोरच्या फ्लॅटमधील काका-काकूंशी त्यांचा तीस वर्षांचा घरोबा आहे. आजींना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत, गुडघे दुखतात, पण स्वयंपाक, पूजा आणि भाजी आणणे त्या स्वतः करतात आणि स्वतःच्या घरातच राहण्याचा त्यांचा निर्धार आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे हे प्रकरण लेकीमार्फत आले.

यजमान गेल्यानंतर, २०१६ साली, मुलाने आईसाठी लँडलाइनला जोडायचे एक आपत्कालीन सूचना यंत्र बसवून दिले. दिवाणखान्यात टेलिफोनशेजारी मुख्य यंत्र आणि आजींच्या गळ्यात दोरीला अडकवलेले बटण, अशी त्याची साधी रचना होती. बटण दाबले की यंत्राने आधी भरून ठेवलेले तीन नंबर एकापाठोपाठ लावायचे आणि फोन उचलला गेला की आजींच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलेला निरोप ऐकवायचा. पहिला नंबर लेकीच्या घरच्या लँडलाइनचा, दुसरा तिच्या मोबाइलचा आणि तिसरा समोरच्या काकांच्या मोबाइलचा होता. यंत्रावरचा हिरवा दिवा सतत लागलेला असे आणि आजी रोज सकाळी देवासमोर निरांजन लावताना त्याच्याकडेही एकदा पाहून घेत.

यंत्राची तपासणी होत नव्हती, असेही नाही. लेक महिन्यातून एकदा आली की बटण दाबून पाही. यंत्रातून आवाज आला आणि नंबर फिरू लागले की लगेच ते बंद करी. फोन पुढे जाऊ दिला तर काकांची दुपारची झोप मोडेल, हा त्यामागचा सरळ आणि भला हेतू होता.

घडलेला प्रसंग

जुलै २०२३ मधील एका पावसाळी पहाटे साडेपाचच्या सुमारास आजी बाथरूममधून बाहेर पडताना ओल्या फरशीवर घसरल्या. डावे मनगट अंगाखाली आले आणि त्यांना उठता येईना. गळ्यातले बटण जागेवर होते आणि त्यांनी ते दाबले. दिवाणखान्यातून यंत्राचा आवाज त्यांना ऐकू आला, नंबर लागल्याचेही कळले, त्यानंतर स्वतःच्याच आवाजातला निरोप कानावर पडला: 'मी घरात पडले आहे, लगेच या.' हा निरोप तीनदा वाजला आणि यंत्र शांत झाले. फोन पोहोचला आहे, आता कोणीतरी येईलच, असे समजून त्या पडून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी बटण पुन्हा दाबले आणि पुन्हा तेच घडले.

पावणेनऊला कामाच्या मावशी आल्या, बेल वाजवून दार उघडेना म्हणून त्यांनी काकांना बोलावले. काकांकडे लॅचची किल्ली होती, परंतु आजी रात्री आतून वरची कडी लावत असल्याने किल्लीचा उपयोग झाला नाही. आतून क्षीण आवाज येत होता. काकांनी १०१ वर अग्निशमन दलाला फोन केला, जवानांनी गॅलरीला शिडी लावून आत प्रवेश केला आणि कडी काढली. तोवर सव्वानऊ वाजून गेले होते. म्हणजे आजी पावणेचार तास ओल्या कपड्यांत फरशीवर पडून होत्या.

मनगटाचे हाड मोडले होते आणि खुब्याला सुदैवाने काही झाले नव्हते. डॉक्टरांना अधिक काळजी वाटली ती इतका वेळ एका कुशीवर पडून राहिल्याची. वृद्ध माणूस कठीण जमिनीवर तासन् तास पडून राहिला की दबलेल्या स्नायूंना इजा होते, त्यातून रक्तात उतरणारे घटक मूत्रपिंडांवर ताण आणतात, शिवाय पाणी कमी पडते आणि कातडीला जखमा होतात. आजींच्या रक्तातील सीपीकेचे, म्हणजे स्नायूंना इजा झाली की वाढणाऱ्या घटकाचे, प्रमाण वाढलेले होते आणि त्यांना सलाइनवर ठेवावे लागले. हाड प्लास्टरखाली जुळून आले. मात्र घरात एकटीने चालण्याचा आत्मविश्वास परत यायला पुष्कळ महिने लागले.

तपासात काय आढळले

सर्वांचा पहिला समज असा होता की आजींनी बटण नीट दाबले नसावे. तो समज चुकीचा होता आणि त्यामुळे आजींना फार वाईट वाटले, हे इथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. आजींनी करायचे ते सर्व अचूक केले होते.

यंत्रात भरलेले नंबर एकेक करून त्याच लँडलाइनवरून लावून पाहिल्यावर खरा प्रकार उलगडला. लेकीने २०२२ मध्ये घरची लँडलाइन परत केली होती, त्यामुळे पहिला नंबर अस्तित्वातच नव्हता. उरलेले दोन्ही नंबर मोबाइलचे होते आणि ते २०१६ सालच्या पद्धतीप्रमाणे दहा अंकी भरलेले होते. देशभरात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले आहे. माणसाने नंबर फिरवला तर उद्घोषणा ऐकून तो शून्य लावून पुन्हा फिरवतो. यंत्राला ते कळत नाही. पलीकडून आवाज आला म्हणजे फोन उचलला गेला, असे धरून त्याने आजींचा निरोप त्या उद्घोषणेलाच ऐकवला आणि काम संपवले. जानेवारी २०२१ पासून तीनपैकी एकच नंबर चालू होता आणि २०२२ पासून एकही नाही. या सगळ्या काळात हिरवा दिवा मात्र लागलेला होता, कारण तो यंत्राला वीज मिळत आहे एवढेच सांगत होता.

आणखी दोन दोष सापडले, जे त्या पहाटे आड आले नाहीत पण दुसऱ्या एखाद्या दिवशी नक्की आले असते. मुख्य यंत्रातली राखीव बॅटरी सात वर्षे सतत चार्जिंगवर राहून निकामी झाली होती. प्लग काढताच यंत्र बंद पडले. दुसरे असे की २०२२ मध्ये इमारतीतील तांब्याच्या तारेची लँडलाइन जाऊन फायबर आले होते. जुन्या तारेवरचा फोन घरात वीज नसतानाही चालत असे, कारण त्याला लागणारी वीज एक्स्चेंजमधून येत असे. फायबरचा फोन घरातल्या राउटरवर अवलंबून असतो आणि वीज गेली की राउटरबरोबर तोही मुका होतो. फायबर जोडायला आलेल्या तंत्रज्ञाने आजींच्या फोनवरून बोलून पाहिले होते, पण शेजारच्या यंत्राबद्दल त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते.

पुढे असलेले पर्याय

आजी घरी परतण्याआधी लेक, काका आणि व्हिडिओ कॉलवर मुलगा अशी बैठक झाली. मुलाचा आग्रह होता की पडल्याचे आपोआप ओळखणारे स्मार्टवॉच घ्यावे. त्याच्या बाजूने मुद्दा असा होता की माणूस बेशुद्ध पडला तर बटण दाबणार कोण. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये केंब्रिजमधील नव्वदीपुढील व्यक्तींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. पडून बराच वेळ जमिनीवर राहावे लागलेल्या बहुतेक प्रसंगांत मदतीची घंटा हाताशी असूनही वापरली गेली नव्हती, असे त्यात दिसले होते. तेव्हा मुलाची शंका निराधार नव्हती. पण भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसलेले माणूस अशा घड्याळाला पडलेले वाटेलच, याची खात्री नसते. शिवाय ते दररोज किंवा एकाआड एक दिवस चार्ज करावे लागते आणि चार्जिंगला लावायची वेळ साधारण रात्रीची, म्हणजे पहाटे उठून बाथरूमला जाताना घड्याळ मनगटावर नसण्याचीच शक्यता जास्त. आजींनी विषय एका वाक्यात संपवला: 'ते घड्याळ मला सांभाळणार नाही, मलाच त्याला सांभाळावं लागेल.'

चोवीस तासांची मदतनीस ठेवणे किंवा लेकीकडे राहायला जाणे, हे दोन्ही पर्याय आजींनी नाकारले आणि त्यांचा तो अधिकार सर्वांनी मान्य केला. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन माहिती आणि आधारासाठी उपयोगी आहे, पण ती तातडीच्या मदतीसाठी नाही. त्यामुळे प्रश्न उरला तो असा: जुने यंत्र दुरुस्त करावे, सिमकार्डावर चालणारे नवे घ्यावे, की सरळ काकांच्या घरात वाजेल अशी घंटा बसवावी?

माझ्या मते या चर्चेतला सर्वांत मोलाचा क्षण काकूंच्या प्रश्नाने आला. त्यांनी विचारले की यंत्राचा फोन हडपसरला गेला तरी दार उघडायला येणार कोण, तर आम्हीच ना, मग आधी आम्हाला कळायला नको का? तोवर सगळी चर्चा यंत्रांच्या तुलनेत अडकली होती. मदत करणारा माणूस वीस पावलांवर आणि निरोप मात्र वीस किलोमीटर फिरून येणार, ही विसंगती त्यामुळे समोर आली आणि निर्णयाचा क्रम उलटा झाला. आधी दार कोण आणि कसे उघडणार ते ठरले, मग त्या माणसाला कसे कळवायचे ते, आणि यंत्र सर्वांत शेवटी.

कडीचा प्रश्न

हा निर्णय सर्वांत अवघड गेला. आजींच्या दृष्टीने कडी म्हणजे रात्रीची झोप होती. दोन गल्ल्या सोडून झालेली घरफोडी त्यांच्या लक्षात होती आणि कडी काढा म्हणणे म्हणजे एका भीतीवर उपाय म्हणून दुसरी भीती गळ्यात बांधणे होते. लेक एकदा चिडून कडी काढून टाकायला निघाली, तेव्हा आजींनी दोन दिवस अबोला धरला.

मार्ग सुतारांनी सुचवला. आतल्या लाकडी दाराची वरची कडी काढून तिच्या जागी बाहेरूनही किल्लीने उघडणारे दुसरे भक्कम कुलूप बसवले आणि बाहेरच्या जाळीच्या दारालाही तसेच कुलूप लावले. म्हणजे आतून दोन कुलुपे फिरवल्याचे समाधान राहिले आणि तीनही किल्ल्यांचा जुडगा काकांकडे गेला. दुसरा जुडगा पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे सही केलेल्या बंद पाकिटात दिला. किल्ली आतल्या बाजूने कुलपात अडकवून ठेवली तर बाहेरची किल्ली चालत नाही, हे बसवतानाच लक्षात आले, म्हणून आजींची किल्ली दाराशेजारच्या खिळ्यावर टांगायचे ठरले. पहिले पंधरा दिवस रात्री झोपण्यापूर्वी काकू बाहेरून दार ढकलून पाहत आणि 'बंद आहे हो' असे सांगत. आजींचा विश्वास कुलपापेक्षा त्या आवाजाने बसला असावा.

केलेली कार्यवाही

जुने यंत्र टाकून दिले नाही. आजींना त्याची सवय होती आणि आपल्या हाताला ठाऊक असलेली वस्तू संकटात अधिक कामी येते. त्यात काका, लेक आणि पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ असे तीन मोबाइल नंबर शून्यासह भरले, राखीव बॅटरी बदलली आणि राउटरला छोटा यूपीएस जोडला. गळ्यातल्या बटणाचा सेल वर्षातून एकदा, दिवा लागत असला तरीही बदलायचा असे ठरले. कारण नाण्याच्या आकाराचा लिथियम सेल संपत आला तरी छोटा दिवा पेटवू शकतो, मात्र संदेश पाठवताना लागणारा जोर त्याच्यात उरलेला नसतो.

काकांच्या घरी वायरलेस घंटा बसवली. भिंतीतल्या प्लगवर चालणारी घंटा वीज गेल्यावर वाजत नाही, म्हणून पेन्सिल सेलवर चालणारी घेतली. तिचे एक बटण आजींच्या पलंगाशी आणि दुसरे बाथरूममध्ये, दोरी ओढून चालणाऱ्या स्विचला जोडून बसवले. अंघोळीच्या वेळी गळ्यातले बटण आजी खुंटीला अडकवतात, तेव्हा ही दोरीच त्यांचा आधार असते. दोरी फरशीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली सोडली, कारण पडलेल्या माणसाचा हात तिथवरच पोहोचतो.

तिसरी सोय म्हणून मागच्या बाजूला एसओएस बटण असलेला साधा मोबाइल घेतला. जिओचे जाळे ४जीपासून पुढचे असल्याने जुना २जी फोन त्यावर चालत नाही, म्हणून फोन आणि सिम एकमेकांना जुळतात का ते पाहून आणि बाथरूममध्ये दार बंद करून रेंज तपासूनच ते नक्की केले. मुलाचा नंबर या यादीत नाही. त्याला सुरुवातीला ते लागले. पण परदेशी फोन लागेपर्यंत जाणारा वेळ इथे कोणालाच परवडणारा नव्हता. आजींपाशी माणूस पोहोचला की लेक त्याला कळवते.

तपासणीसाठी संकष्टी चतुर्थी निवडली, आणि ही सूचना आजींची. उपवास त्या कधी विसरत नाहीत, लेकीच्या आणि काकांच्या घरीही कॅलेंडरवर तो दिवस डोळ्यांसमोर असतो. संध्याकाळी आजी स्वतः बटण दाबतात: एकदा पलंगावर आडव्या होऊन, पुढच्या महिन्यात बाथरूमची दोरी ओढून, त्यापुढच्या महिन्यात मुख्य यंत्राचा प्लग काढून. फोन शेवटपर्यंत जाऊ द्यायचा, ज्याला आला त्याने उचलायचा आणि काकांनी किल्लीने दार उघडून आत येऊन आजींना हाक मारायची, तेव्हाच तपासणी पूर्ण झाली असे धरायचे. टेबलाच्या खणातील वहीत तारीख, कोणाला फोन गेला, दार किती मिनिटांत उघडले आणि काय अडले, एवढे लिहायचे. यंत्राची जबाबदारी लेकीची, किल्ल्यांची काकांची आणि वहीची आजींची आहे.

परिणाम

वहीतील नोंदी वाचल्या तर पूर्ण तपासणीची गरज वेगळी सांगावी लागत नाही. पहिल्याच वेळी लेकीच्या मोबाइलने आईची लँडलाइन अनोळखी म्हणून आवाज न करता सोडून दिली. तो नंबर नावासह साठवून रात्रीच्या शांततेतही वाजेल असा लावावा लागला. एकदा बाथरूमची दोरी हातालाच लागली नाही. फरशी धुताना भिजू नये म्हणून मावशींनी ती गुंडाळून वर बांधली होती. दोरी कशासाठी आहे हे त्यांना कोणी समजावलेच नव्हते. आजींनी फरशीवर बसून हात कुठवर पोहोचतो ते त्यांना दाखवले आणि त्यानंतर महिन्याच्या तपासणीआधी दोरीकडे मावशींचेच पहिले लक्ष असते.

दिवाळीनंतर काका-काकू आठवडाभर गावी गेले आणि किल्ल्यांचा जुडगा त्यांच्याबरोबरच गेला. चतुर्थीला घंटा रिकाम्या घरात वाजली. तेव्हापासून बाहेरगावी जाणाऱ्याने जुडगा पहिल्या मजल्यावर देऊन जायचा नियम झाला. मोबाइलचे २८ दिवसांचे रिचार्ज एकदा संपले आणि बाहेर जाणारे फोन बंद झाले. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठीचे, ३६५ दिवसांपर्यंतचे प्लॅन देण्याचा मार्ग मोकळा केल्यावर लेकीने वर्षभराचे रिचार्ज करून टाकले.

मार्च २०२४ मध्ये खरी वेळ आली. रात्री दोनच्या सुमारास आजींना उठताना भोवळ आली आणि त्या पलंगाशेजारी खाली बसल्या. त्यांनी पलंगाची घंटा दाबली. काका-काकू चार-पाच मिनिटांत आत आले, १०८ ला फोन केला आणि रुग्णवाहिका येईपर्यंत आजींना कुशीवर झोपवून ठेवले. रक्तातील सोडियम कमी झाले होते. उपचारानंतर त्या तीन दिवसांत घरी परतल्या. मात्र घाईत आजींची औषधांची यादी कोणालाच सापडली नाही आणि दवाखान्यात कोणत्या गोळ्या सुरू आहेत हे सांगता आले नाही. आता यादी आणि जुने रिपोर्ट किल्ल्यांच्याच खिळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत असतात.

वेगळे काय करता आले असते

पहिली चुकलेली संधी फायबर जोडले त्या दिवसाची होती. टेलिफोन, राउटर, सिम, इन्व्हर्टर किंवा कुटुंबातील कोणाचाही नंबर बदलला की त्याच दिवशी पूर्ण तपासणी व्हायला हवी. महिन्याची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरी गोष्ट आपल्या सौजन्याची आहे. काकांची झोप मोडू नये म्हणून लेक फोन मध्येच तोडत राहिली, पण काकांना विचारले असते तर त्यांनी झोपेपेक्षा फोनच पसंत केला असता, असे ते स्वतः सांगतात. ज्यांच्यावर भिस्त आहे त्यांना सरळ विचारण्याचा संकोच अशा पुष्कळ घरांत दिसतो आणि यंत्राच्या दोषांइतकाच तो धोकादायक आहे.

कडीबद्दल लेकीने केलेली घाईही टाळता आली असती. आजींना सुरुवातीपासून सुतारांच्या बोलण्यात सामील करून घेतले असते, तर दोन दिवसांचा अबोला झाला नसता. स्मार्टवॉचच्या बाबतीत मात्र मी अजून पूर्णपणे निश्चिंत नाही. आजी शुद्धीत होत्या म्हणून दोन्ही वेळा बटण दाबले गेले. तसे नसते तर सध्याच्या व्यवस्थेत सकाळी मावशी येईपर्यंत कोणालाही कळले नसते. त्यावर तूर्त एवढेच केले आहे की सकाळी सातला काकू दारातून हाक मारतात आणि उत्तर आले नाही तर किल्लीने आत जातात.

काका आता ७४ वर्षांचे आहेत आणि त्यांचे स्वतःचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरले आहे. त्या काळात रात्रीच्या घंटेला कोण उठणार, यासाठी पहिल्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोलणे सुरू असून, त्यांच्या घरापर्यंत घंटेचा संदेश स्लॅबमधून पोहोचतो का, हे येत्या चतुर्थीला पाहायचे आहे.